नसलेलं गवत

“काका, हा तुरा या काडीचा नाहीच.”

संशोधक मुलीनं भिंग आणि त्याखालचा कागद काकांपुढे सरकवला. “सांध्यापाशी बघा. दोन वेगळी गवतं आहेत. मधे डिंक आहे.”

काकांनी भिंगात डोकावलंसुद्धा नाही. वनस्पती-संग्रहालयात वाळलेले नमुने कागदावर चिकटवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, आणि त्यातली एकोणीस या एका कागदाच्या धास्तीत.

“माझ्याच हातचं आहे ते,” ते म्हणाले. “मला ठाऊक आहे.”

एकोणीस वर्षांपूर्वी गवतांचा गठ्ठा सोडताना दोन-चार तुरे गळून पडले होते. त्यातला एक त्यांनी अंदाजानं या काडीला चिकटवून टाकला. दोन दिवसांनी त्या तुऱ्याची खरी काडी नमुने वाळवायच्या वर्तमानपत्राच्या घडीत सापडली. ती घेऊन ते धावतच संग्रहालयातल्या गवततज्ज्ञ सरांच्या खोलीत गेले, तर सर भिंगावरून मान वर करून लहान मुलासारखे ओरडले, “अरे, नुसती नवी जात नाही ही, जातीच्या वरचा अख्खा गट, नवी प्रजाती आहे! असं गवत आजवर कुणी पाहिलेलं नाही!”

काकांनी हात पाठीमागे नेला. हातातली काडी त्यांनी परत जाताना केराच्या टोपलीत टाकली.

सरांनी प्रजातीचं बारसं केलं आणि तिच्यातल्या एकुलत्या एक जातीला काकांचं नाव दिलं. “एवढी वर्षं राबतोस, तुझा मान आहे,” म्हणाले. बायकोनं ते शेजारीपाजारी सांगितलं, लेकीनं तिच्या वर्गात. काका मान खाली घालून ऐकत. लोकांना तो विनय वाटे.

पण खरी लाज पुढची होती. दुसरा नमुना मिळावा म्हणून सर तीनदा त्याच डोंगरउतारावर गेले आणि तिन्ही वेळा काका त्यांच्याबरोबर होते. तिसऱ्या खेपेला सर घसरले, गुडघ्याची वाटी फुटली. काकांनीच त्यांना पाठुंगळी घेऊन खाली आणलं. उतरताना सर कानाशी म्हणत होते, “पुढच्या वर्षी नक्की सापडेल.”

“शोधनिबंधात तुमचं नाव नाही घालत मी,” संशोधक मुलगी हळूच म्हणाली. “चिकटवताना गफलत, एवढंच लिहिते.”

“आधी सरांना सांगू या. मीच सांगतो.”

सरांच्या घरी सुनेनं दार उघडलं. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, टोपलीतल्या काडीसकट. सरांनी खिडकीकडे मान वळवली.

“उन्हात दिवस दिवस वाकून शोधायचास माझ्याबरोबर. तेही खोटं?”

“हो, सर.”

“एकदा तरी बोलायचंस रे.”

सर मुलीकडे वळले.

“लिहून घे. ही प्रजाती रद्द समजावी. नमुना न तपासता नाव दिलं, ही चूक माझी.”

“सर, पण चिकटवलं तर मी...” काका पुटपुटले.

“चिकटवणं तुझं काम होतं, तपासणं माझं. लिही गं.”

मुलगी लिहू लागली. सून मघाशीच काकांसाठी खुर्ची ठेवून गेली होती. शेवटची ओळ सांगून होईपर्यंत काका त्या खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले.