पॉलिहाऊसमधला पाहुणा

सकाळी साडेसातला धाकटीच्या खिशातला फोन वाजला आणि पडद्यावर ‘अक्का’ असं नाव दिसलं. दाजींना काहीतरी झालं असणार, हाच पहिला विचार. एरवी अक्काने फोन करायचं कारणच नव्हतं. दोन वर्षं झाली, सख्ख्या बहिणी असून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

धाकटी पाणथळाची राखणदार. डोंगरावरच्या पठारावर उथळ पाण्याची, गवताची आणि चिखलाची ती मोठी जागा होती. थंडी पडली की उत्तरेकडून शेकडो क्रौंच तिथे उतरायचे आणि ऊन तापायच्या आत परत जायचे. माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच, राखी अंगाचे, काळ्या मानेचे पक्षी. पाण्यात उभ्या उभ्या झोपायचे, दिवसा आसपासच्या शेतांत चरायचे. त्यांची मोजदाद करायची, मोकाट कुत्री हाकलायची, पाण्याची पातळी बघायची, कोणी फासे लावले किंवा फटाके उडवले तर वर कळवायचं, हे तिचं काम. हा तिचा सतरावा हिवाळा.

आणि पाणथळाला लागून पहिलंच शेत अक्काचं. बटाट्याचं.

दोन वर्षांपूर्वी क्रौंचांनी अक्काने लावलेलं बियाणं ओळीच्या ओळी उकरून खाल्लं होतं. अक्काने लागोपाठ तीन दिवस पहाटे फटाके लावले. तिसऱ्या दिवशी सगळा थवा उठला आणि आठवडाभर पाण्यावर परतला नाही. धाकटीने नियमाप्रमाणे अहवाल लिहिला, खाली सही केली, आणि ऑफिसची नोटीस तिने पोस्टाने अक्काच्या दारी धाडली. तेव्हापासून कोणी विचारलं की अक्का सांगायची, “मला बहीण नाही. मला एक सरकारी कागद आहे.”

धाकटीने फोन कानाला लावला. “अक्का? दाजी बरे आहेत ना?”

“त्यांना काय धाड भरलीय? तुझा पाहुणा माझ्या पॉलिहाऊसमध्ये शिरलाय. छप्पर फाडून. ये आणि घेऊन जा.” आणि फोन बंद.

धाकटी पाणथळावरच्या टेहळणीच्या मनोऱ्याच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरली. बाहेर धुकं इतकं दाट होतं की स्वतःचे गमबूट दिसेनात. वाटेतच तिला काय झालं असणार ते कळलं. धुक्यात वाट चुकलेल्या पक्ष्याला वरून पॉलिहाऊसचं ओलं प्लास्टिक पाण्यासारखं चमकताना दिसतं. तो बिचारा पाय खाली सोडून विश्वासाने उतरतो.

पॉलिहाऊसच्या दारात दाजी हातात फावडं घेऊन उभे होते, आणि त्या फावड्याचं काय करायचं हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. अक्का त्यांच्या पुढे, पदर खोचून. आतून प्लास्टिक फडफडल्याचा आणि ट्रे उलटल्याचा आवाज येत होता.

“माझी कोबीची रोपं,” अक्का म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “सहाशे रोपं होती.”

धाकटीने फटीतून आत बघितलं. याच वर्षीचं पिल्लू होतं, उंचीने मोठ्या पक्ष्याएवढं, पण डोकं आणि मान अजून बदामी. उजव्या पंखावर रक्त. ते भिंतीवर धडका देत होतं आणि बारीक शीळ घातल्यासारखं ‘पीं, पीं’ करत होतं. तेवढ्यात वर धुक्यातून मोठ्या क्रौंचांची हाक आली, तुतारी फुंकल्यासारखी. एकदा, पुन्हा एकदा. मग अगदी छपरावरून.

“हे कोण आता?” अक्काने वर पाहिलं.

“आईबाप.”

अक्काने डोक्यावरची शाल काढली आणि धाकटीच्या हातात दिली. “सांग काय करायचं ते.”

“शाल पुरायची नाही, गोधडी आण. आणि दाजींचा एक लोकरी मोजा, पुढचं टोक कापून.”

“माझा मोजा?” दाजी म्हणाले.

“आता पाय गारठले म्हणून रडू नका,” अक्का घराकडे धावतच म्हणाली.

पकडायला पाच मिनिटं लागली, पण ती पाच मिनिटं दोघींना महिन्यासारखी वाटली. धाकटी खाली वाकून एका बाजूने, अक्का गोधडी पसरून दुसऱ्या बाजूने. पिल्लाने एकदा अशी लाथ मारली की अक्काची कोपरापर्यंतची बाही उभी फाटली. मग अक्काने जे केलं ते धाकटीला सतरा वर्षांत कोणाला जमताना दिसलं नव्हतं. ती थांबली. गोधडी उंच धरून, हूं की चूं न करता, भिंतीसारखी उभी राहिली. पिल्लू दमलं, वळलं, कोपऱ्यात तोंड घालून उभं राहिलं, आणि तिने हळूच गोधडी त्याच्यावर सोडली. धाकटीने पंख मिठीत घेतले आणि मोजा डोक्यावरून चढवला, चोच तेवढी बाहेर. डोळ्यांपुढे अंधार झाला तसं पिल्लू शांत झालं.

“लहानपणी कोंबड्या धरायचे तशीच,” अक्का धापा टाकत म्हणाली. “फक्त ही कोंबडी माझ्याएवढी आहे.”

दुपारी गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. त्यांनी पंखाला सात टाके घातले. हाड शाबूत होतं. “खाली गावातल्या दवाखान्यात नेऊ नका,” ते म्हणाले. “घाटात बर्फ साचलंय, गाडीच्या धक्क्यांनी हे मरेल. आईबाप जवळच आहेत, तर इथेच ठेवा. आठ-दहा दिवस. मोकळी, अंधारी जागा हवी. आणि एक गोष्ट: त्याच्यासमोर कोणी बोलायचं नाही. अजिबात. माणसाच्या आवाजाची सवय लागली तर ते पुढे माणसापासून लांब राहणार नाही.”

दाजी हसले. अक्काच्या तोंडाचा पट्टा झोपेतही चालू असतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

“हसताय काय?” अक्का म्हणाली. “बटाट्याचं कोठार रिकामं आहे. मी काय बोलल्याशिवाय मरते की काय?”

मग ते नऊ दिवस सुरू झाले. धाकटी पहाटे मनोऱ्यावर मोजणी उरकून यायची. कोठाराच्या खिडकीला गोणपाट लावलं होतं, जमिनीवर पेंढा पसरला होता. एक बहीण पाण्याचं घमेलं बदलायची, दुसरी मक्याचे दाणे आणि बारके बटाटे ठेवायची. बोलणं खुणांनी. अक्का खुणाही मोठ्याने करायची. एकदा धाकटीने घमेलं चुकीच्या कोपऱ्यात ठेवलं, तर अक्काने हातवारे करून तिची एवढी खरडपट्टी काढली की धाकटी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली आणि भिंतीला टेकून हसत सुटली. अक्काही मागून आली, हसू दाबत. बाहेर आल्यावर मात्र दोघींना एकदम आठवलं की आपलं भांडण आहे. अक्का बटाटे निवडायला निघून गेली.

रोज सकाळी दहाच्या सुमारास ते जोडपं खालच्या बांधावर उतरायचं. नर हाका मारायचा, आतून पिल्लू शीळ घालायचं. ती दोघं मागच्या काढणीचे मातीत राहिलेले बटाटे उकरायची तेव्हा अक्का खिडकीतून बघायची, शिव्या पुटपुटायची, पण बाहेर जायची नाही.

सहाव्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. अक्का अंगणात बसून बियाण्याचे बटाटे निवडत होती. डोळे फुटून कोंब आलेले एका टोपलीत, नासके बाजूला. धाकटी तिच्यासमोर बसली आणि न विचारता निवडायला लागली.

“तो डोळा फुटलेला आहे, नासक्यात का टाकतेस?” अक्का म्हणाली.

धाकटीने बटाटा उचलून योग्य टोपलीत टाकला. मग म्हणाली, “अक्का, ती नोटीस पुन्हा पाठवायची वेळ आली तर मी पुन्हा पाठवेन.”

“ठाऊक आहे मला. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. आपल्या आईवर गेलीस.”

“पण मी पोस्टाने पाठवायला नको होती. तुझं दार माझ्या मनोऱ्यावरून दहा मिनिटांवर आहे. मी यायला हवं होतं. तुझ्यासमोर बसून सांगायला हवं होतं. भ्याले मी तुला.”

अक्का हातातल्या बटाट्यावरची माती अंगठ्याने पुसत राहिली.

“पोस्टमनने माझ्याकडून सही घेतली,” ती शेवटी म्हणाली. “शेजारीण उभी होती. तिने विचारलं, कोणाकडून आलंय? मी काय सांगणार? बहिणीने पाठवलंय म्हणून?” तिने नाक ओढलं. “नोटिशीचा राग नव्हता गं मला. फटाके लावले ते लावलेच होते. तू आली असतीस तर तुला चार शिव्या घालून जेवायला वाढलं असतं.”

“आता घाल.”

“आता काय, शिळ्या झाल्या,” अक्का म्हणाली. पण दुपारी तिने धाकटीचं ताट वाढलं, आणि जेवताना फटाक्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचा व्यवस्थित उद्धार केला. दाजी समाधानाने दुसऱ्यांदा भाजी घेत राहिले.

दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी टाके काढले, पंख उघडून बघितला आणि मान डोलावली. जोडपं बांधावर येऊन उभं होतं. धाकटीने पिल्लाला मिठीत धरून शेताच्या मधोमध नेलं, खाली ठेवलं, मोजा ओढून काढला आणि सगळे मागे पळाले.

पिल्लू उडालं नाही. जागच्या जागी उभं राहिलं, पिसं झटकली, एक पाय उचलला, ठेवला. नराने हाक मारली. पिल्लू गप्प. अक्काने धाकटीचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

“विसरलं की काय गं?” ती कुजबुजली.

मग ते चालायला लागलं. आधी सावकाश, मग लांब ढांगा टाकत, मग पंख अर्धवट उघडून धावत. मादी दोन पावलं पुढे आली आणि तिने त्याच्या मानेवर चोचीने हलकेच टोचलं. तिघंही मान खाली घालून बटाटे उकरायला लागली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. चांगली वीस मिनिटं चरल्यावर नर वाऱ्याकडे तोंड करून धावला, आणि एकामागून एक तिघंही उचलली गेली. उजवा पंख डाव्यासारखाच चालत होता. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

“वीस मिनिटं!” अक्का डोळे पुसत ओरडली. “माझ्याच डोळ्यांदेखत! उपकाराची काही चाड आहे का?”

त्या आठवड्यात दोघी शेतात दोरी लावून पट्टे आखत फिरल्या. पाण्याकडचा खालचा पट्टा अक्काने पक्ष्यांसाठी तसाच ठेवायचं ठरवलं. मागच्या काढणीत राहिलेले बारके बटाटे तिथेच पडू द्यायचे, नांगर घालायचा नाही. धाकटीने वरच्या वाफ्यांवर चकाकत्या पट्ट्या बांधून दिल्या. पक्षी बहुतेक वेळा खालीच राहिले. काही वर आलेच, तेव्हा अक्का पातेलं बडवत धावली, आणि धाकटीने मनोऱ्यावरून ते दुर्बिणीतून पाहिलं. पातेलं नियमात बसतं की नाही हे तिने ऑफिसला विचारलं नाही.

ऊन चढू लागलं तसे थवे एकेक करून निघाले. शेवटचे निघाले त्या दिवशी अक्का प्रथमच मनोऱ्यावर चढली, प्रत्येक पायरीला गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत. पक्षी पठारावर घिरट्या घालत उंच गेले, इतके उंच की नुसता आवाज उरला. त्यात ती तिघं होती की आधीच गेली होती, हे धाकटीलाही सांगता आलं नसतं. अक्काने विचारलंही नाही. दोघी कठड्याला टेकून आभाळ रिकामं होईपर्यंत बघत राहिल्या.

धाकटीने वही काढून लिहिलं: शेवटचे एकोणचाळीस.

“चाळीस होते,” अक्का म्हणाली.

“एकोणचाळीस.”

“डाव्या बाजूला एक मागे होता, तो तू धरला नाहीस. डोळे तपासून घे.”

“सतरा वर्षं मोजतेय मी, अक्का!”

“मग सतरा वर्षं एक कमीच लिहीत असशील.”

घरी पोचेपर्यंत हा वाद चालला. दाजींनी दार उघडलं, दोघींचे चढलेले आवाज ऐकले, आणि काही न विचारता तीन पानं मांडायला घेतली.