तळ्यातली आग

तळ्याच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. हातखंब्याकडून गाड्या भरभरून माणसं आली होती. सिद्धबाबा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. "बम् ज्वालामाई, जाग!" असं ओरडून त्याने विभूतीची पुरचुंडी पाण्यात बुडवली. थंडगार पाणी खदखदायला लागलं. त्यावर जळता कापूर टाकताच भडका उठला. माणसांनी धडाधड लोटांगणं घातली.

सगुणा हा भडका पंधरवड्यात सातव्यांदा बघत होती. तळ्याकाठच्या चार झोपड्या तिच्या सासऱ्याने बांधलेल्या. हवापालटाला येणारी माणसं तिथे उतरत. हल्ली झोपड्या भरून अंगणातही चुली पेटत होत्या. पाणी भरून, भाकऱ्या थापून सगुणाची कंबर गेली होती. तिचा नवरा केरू मात्र खुशीत होता.

दुसऱ्या झोपडीत हेदवीची यमुनाबाई आपल्या नऊ वर्षांच्या कमळाला घेऊन उतरली होती. पोर हिवतापाने काळवंडली होती. डॉक्टरने तापावर दिलेलं कोयनेलचं औषध बाबाने तळ्यात टाकायला लावलं आणि दिवसाला तीन बुड्या सांगितल्या.

"पोरीचे दात वाजतायत गो," सगुणा म्हणाली.

"ताप पाण्यात उतरतोय, वयनी. बाबांनी सांगितलंय."

सगुणाला वाद घालायचंही त्राण नव्हतं. ती बाबा उतरला होता त्या झोपडीत केर काढायला गेली. आत लसणासारखा उग्र वास होता. खाटेखाली करड्या खड्यांचा डबा, आणि मागच्या दाराशी चुन्यासारखा ओला पांढरा गाळ. हा वास तिच्या ओळखीचा होता. लग्नाआधी केरू वरातींत कारबाईटचे दिवे धरायचा. खड्यावर पाणी पडलं की धूर निघतो आणि तोच जळतो, हे त्यानेच तिला दाखवलं होतं.

तिने खडे नवऱ्यापुढे धरले. केरूने मान खाली घातली.

"तुमाला ठाऊक होतं?"

"पयल्या दिवशीच वास आला. पण माणसं येतायत ना, सगुणा. आपल्याला काय करायचंय?"

"ती पोर मरंल."

सगुणाने पाण्याचा हंडा उचलला, भर गर्दीत नेऊन ठेवला आणि त्यात खडे टाकले. पाणी खदखदलं. चुलीतलं जळतं लाकूड जवळ नेताच हंड्यावर भडका उठला. गर्दी मागे सरली.

"हिच्या अंगात हडळ शिरलीय!" बाबा किंचाळला.

"मग हडळीच्या हंड्यात तुमची ज्वालामाई कशी जागली?" सगुणाने विचारलं.

कोणीतरी फिदकन हसलं. तेवढ्यात केरूने डबा आणून सगळ्यांसमोर उपडा केला आणि आपण गप्प बसलो होतो, हेही सांगितलं. बाबाने कमंडलूसुद्धा न उचलता मिरजोळ्याची वाट धरली.

केरूनेच गाडी जुंपून मायलेकींना डॉक्टरकडे नेलं. दुसरं कोयनेल मिळालं. आठवड्याने कमळा उठून बसली, पेज मागायला लागली. झोपड्या मात्र रिकाम्या पडल्या. गावातले काही जण सगुणाशी बोलेनासे झाले.

निरोप घ्यायला आलेल्या यमुनाबाईने दबकत विचारलं, "वयनी, मग देव नाय काय?"

"देवाचं मला नाय ठाऊक," सगुणा थकल्या आवाजात म्हणाली. "पण पोरीचं औषध टाकायला सांगणाऱ्याला आधी कारण विचारायचं. खरा असंल तर सांगंल, खोटा असंल तर रागावंल. आपण विचारायला भ्यायचं नाय, एवढंच."