राहुकाळात घेणं

अलमेलूअक्काने निवृत्तीचे पैसे धाकट्या भावाच्या हाती दिले तेव्हा एकच अट घातली होती: राहुकाळात काही विकत घ्यायचं नाही. कृष्णकुमारने, तिच्या किट्टूने, ती लगेच मान्य केली. वाराप्रमाणे बदलणारा रोजचा दीड तास सोडला तर त्याचं काय बिघडणार होतं? कुंभकोणममध्ये राहुकाळात कोणी नवी चप्पलसुद्धा पायात घालत नाही. चेन्नईत हिशेबनीस म्हणून काढलेल्या वर्षांत तो हे विसरला होता. अक्का विसरली नव्हती.

चेन्नईची कंपनी बंद पडली तसा तो विधवा अक्काच्या घरी राहायला आला आणि शेअर बाजारात उतरला. सुरुवातीला मनाला येईल तसं घेतलं, मनाला येईल तसं विकलं आणि चांगलाच पोळला. मग त्याने मनाला रजा दिली. पडद्यावर दोन रेषा आणल्या. गेल्या काही तासांतल्या, तासातासाच्या सर्वांत चढ्या किमतींची सरासरी ही वरची रेषा, सर्वांत उतरलेल्या किमतींची सरासरी ही खालची. दोन्हींच्या मधला तो पट्टा. तास संपताना किंमत पट्ट्याच्या वर असली तर घ्यायचं, खाली असली तर विकायचं, आत असली तर स्वस्थ बसायचं. आपलं मत विचारात घ्यायचं नाही.

याने श्रीमंत होता येत नव्हतं, पण तगून राहता येत होतं. पुष्कळ बारीक तोटे आणि मधूनच एखादा बरा नफा. दिवसभर बसून बहुतेक वेळ काहीच न करण्याचा त्याला फार शीण येई. तो बोलून दाखवायची सोय नव्हती. बसून राहणाऱ्याला थकायला काय होतं, असं अक्काच म्हणाली असती.

घोळ झाला तो गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी. एका सिमेंट कंपनीचे शेअर हाती होते आणि सव्वाअकराला तास संपताना किंमत पट्ट्याखाली गेली. विकायला हवं होतं. अक्का म्हणाली, राहुकाळ चालू आहे, बारापर्यंत थांब. अट घेण्याची होती, विकण्याची नव्हे, असं त्याने सांगून पाहिलं. ती भाजीसाठी केळीच्या खोडाच्या गाभ्याच्या चकत्या करत, त्यातून सुटणारा दोरा बोटाला गुंडाळत ऐकत राहिली आणि पुन्हा तेच म्हणाली. वाद घालण्याचं त्राण त्याच्यात नव्हतं. तो थांबला. बारापर्यंत किंमत पट्ट्यात परत आली आणि पुढे आठवडाभर चढतच गेली.

अक्काने ही हकीकत शेजारी सांगितली, देवळात सांगितली, एकादशीच्या भजनाला आलेल्या बायकांना सांगितली. किट्टूचं यंत्र विक म्हणत होतं आणि पंचांग थांब म्हणत होतं, कोण खरं ठरलं बघा. कृष्णकुमारला तो नफा काही केल्या घशाखाली उतरेना. नियम मोडून तोटा झाला असता तर परवडलं असतं. नफा झाला, म्हणजे पुढच्या वेळी हात पुन्हा अडणार.

पुढची वेळ बुधवारी आली. दुपारी सव्वा वाजता तास संपला तेव्हा त्याच शेअरची किंमत पट्ट्याखाली होती. राहुकाळ संपायला थोडाच वेळ उरला होता. अक्का पदराला हात पुसत येऊन मागे उभी राहिली.

"दीडपर्यंत थांब."

"नाही अक्का."

"मागे थांबलास तर काय नुकसान झालं तुझं?"

"झालं. तुला दिसत नाही एवढंच," तो म्हणाला आणि त्याने विकलं.

तासाभरात किंमत वर उसळली. संध्याकाळी कॉफीचा पेला पुढे ठेवताना अक्काने सांगून टाकलं की सोमवारी ती आपले पैसे काढून घेणार. जवळच नाचियारकोविलला त्यांच्या मामेभावाचं, स्वामीनाथचं पितळी समयांचं दुकान होतं. हिशेबाला माणूस पाहिजे म्हणून तो दोनदा विचारून गेला होता. अक्काने त्याचीही आठवण करून दिली. कृष्णकुमारच्या स्वतःच्या पैशांत आता धंदा होण्यासारखा नव्हता. अक्काचे पैसे गेले की पट्टाही गेला आणि मग सकाळची नाचियारकोविलची बस, हे दोघांनाही कळत होतं.

शुक्रवारी सव्वाअकराला तास संपताना किंमत पट्टा फोडून वर गेली होती. कृष्णकुमारने दोन्ही हात मांडीवर ठेवले. अक्का एव्हाना पडदा वाचायला शिकली होती.

"वर गेलं ना रे ते?"

"गेलं."

"मग घे की."

"राहुकाळ आहे."

किंमत डोळ्यांदेखत चढत होती.

"राहुकाळ मला शिकवतोस? घे म्हणते ना मी."

"अट तुझीच आहे, अक्का."

"माझी आहे तर मीच सोडते."

"बाजार बंद झाला की सोड. मग तुझं ऐकेन. चढताना बघून सोडलीस तर ती सोडली असं होत नाही."

"देवा विठ्ठला, काय डोकं आहे," असं म्हणून ती आत गेली. पुन्हा बाहेर आली. पुन्हा आत गेली. एकदा नुसतं दारातून बघून गेली. आयुष्यात राहुकाळात काडेपेटी न घेतलेली बाई आज तळमळत होती आणि तो तिच्याकडे न बघता बसून होता. बोटं मात्र त्याचीही शिवशिवत होती. बारा वाजले तरी तो हलला नाही. तास सव्वाबाराला संपणार होता. तेव्हाही किंमत पट्ट्याच्या वरच होती. त्याने घेतलं, पण बरंच महाग घेतलं. किती महाग ते अक्काने विचारलं आणि त्याने सांगितलं.

साडेतीनला बाजार बंद झाल्यावर ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बुधवारी थांब म्हटलं, थांबला नाहीस. आज घे म्हटलं, घेतलं नाहीस. तुझ्यापेक्षा स्वामीनाथच्या समया माझं जास्त ऐकतील."

तो हसला. वाट बघत राहिला.

"अट तशीच राहू दे," ती म्हणाली. "पैसेही राहू देत. स्वामीनाथला फोन करून सांग, दुसरा माणूस बघ म्हणावं."

त्याने मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी आपण दोन दिवस त्या दुकानाचाच विचार करत होतो, हे त्याच्या लक्षात आलं. तिथे संध्याकाळी शटर ओढलं की त्या दिवसाचं काम संपलं असतं, आणि सकाळी समयांची किंमत आदल्या दिवशी होती तेवढीच असती.

त्याने स्वामीनाथला फोन लावला. तिकडे समयांच्या घासकामाचा आवाज एवढा होता की नकार त्याला दोनदा, मोठ्याने सांगावा लागला.