उष्टा प्याला

मित्रांनो, मी चर्चच्या कपाटातला एक जुना प्याला आहे. तांब्याचा आहे, आतून चांदीचा मुलामा दिलेला. ज्या तांबटाने मला घडवले तो भारी तापट माणूस होता. ठोके मारताना तो सगळ्या जगाला शिव्या घालायचा, पण माझी कड घासताना मात्र त्याने श्वाससुद्धा जपून घेतला. कड खरखरीत राहिली तर कोणाचा तरी ओठ कापेल, असे तो बायकोला म्हणाला होता. एवढी काळजी माझी पुढे कोणी घेतली नाही.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याची, एक रीत होती. पाळकसाहेब मला फक्त पहिल्या माणसाच्या हाती द्यायचे. तो एक घोट घेऊन शेजाऱ्याकडे वळायचा आणि "तुला शांती असो" म्हणून स्वतःच्या हाताने मला पुढे द्यायचा. ज्याच्याशी अबोला, नेमके त्याच्याच शेजारी उभे राहायची वेळ आली की भल्याभल्यांची भंबेरी उडायची. मी माणसे ओठांवरून ओळखायचो. सासूच्या हातून मला घेताना सुनेचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. मिशीवाले मास्तर तर निम्मा रस मिशीलाच पाजायचे. पण सगळीकडे फिरून मी परत येईपर्यंत मंडळीचे चेहरे जरा सैल झालेले असायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्या मंडळीत दोन भाऊ होते. थोरल्याचे औषधांचे दुकान होते आणि तो चर्चचा पंचही होता. आईवडील लवकर गेले तेव्हा त्याने स्वतःचे शिक्षण सोडले आणि धाकट्याला तळहाताच्या फोडासारखे जपले. धाकटा मोठा होऊन अँब्युलन्स चालवू लागला. दोघे नेहमी शेजारी उभे राहायचे. मला धाकट्याच्या हाती देताना थोरला हळूच त्याची कॉलर नीट करायचा.

मग सीमेपलीकडे युद्ध पेटले आणि गाठोडी घेऊन माणसे आली. चर्चच्या हॉलमध्ये त्यांची सोय झाली. तीही प्रभूचीच लेकरे होती, फक्त गाणी वेगळ्या चालीवर म्हणायची. सुरुवातीला मंडळीने हौसेने ब्लँकेटे वाटली, फोटो काढले. पुढे हॉलचा संडास तुंबला तशी कुरकुर सुरू झाली. त्यातच धाकट्याने हॉलमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या विधवेशी लग्न केले आणि थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला पोटच्या पोरासारखे वाढवले त्याने आपल्याला साधे विचारलेही नाही, हे त्याच्या मनाला फार लागले. ते दुःख खरे होते, मित्रांनो. पण त्याने ते दुःख म्हणून कोणाला सांगितले नाही. त्याने स्वच्छतेचे कारण पुढे केले.

हॉलमधून साथ पसरते आहे, अशी आवई उठली होती. पंचांच्या सभेत थोरला म्हणाला की, एकमेकांचे उष्टे पिणे आता धोक्याचे आहे, प्रत्येकाला काचेची वेगळी पेली हवी. औषधवाला माणूस बोलतो आहे म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. खरे तर हॉलमध्ये कोणालाही साथ नव्हती. पाळकसाहेबांना हे ठाऊक होते. त्यांनी त्या रविवारी शेजाऱ्यावरच्या प्रेमाविषयी सुरेख उपदेश केला, पण हॉलचे नाव घेतले नाही. मला त्यांची तेव्हा चीड आली आणि ती अजून गेलेली नाही. माझी रवानगी कपाटात, मेणबत्त्यांच्या तुकड्यांशेजारी झाली. धाकटा आणि त्याची बायको चर्चला यायचे बंद झाले.

एकदा धाकटा सीमेवर जखमींना आणायला गेला असताना त्याच्या गाडीजवळ तोफगोळा फुटला. पायाची जखम चिघळली, विष अंगात भिनले आणि डॉक्टरांनी हात टेकले. थोरला दुकानातून उत्तमातली उत्तम औषधे पाठवत होता, पण स्वतः भावाच्या घरची पायरी चढत नव्हता. तेव्हा धाकट्याने पाळकसाहेबांना निरोप धाडला: मला प्रभुभोजन हवे आहे, जुन्याच प्याल्यातून हवे आहे आणि दादाच्या शेजारी हवे आहे.

पाळकसाहेबांनी मला रुमालात गुंडाळून नेले. खोलीत एक खाट होती, औषधाच्या बाटल्या होत्या आणि शिवणयंत्राखाली अर्धवट शिवलेली बाही तशीच अडकून राहिली होती. थोरला आला. भावाची दशा पाहून त्याचे डोळे भरून आले. मला वाटले, आता सगळे निभावेल. धाकट्याने कसेबसे ओठ ओले केले आणि मला बायकोकडे दिले. तिने घोट घेतला आणि रीतीप्रमाणे मला दोन्ही हातांनी पुढे केले.

"भाऊजी, तुम्हाला शांती असो."

थोरल्याने खिशातून काचेची पेली काढली.

"यात ओता थोडं."

धाकटा त्या पेलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, ते माझंही उष्टं आहे."

तुझ्याच प्रकृतीला जपायला हवे, असे काहीतरी थोरला पुटपुटला. धाकट्याने भिंतीकडे तोंड फिरवले. धाकट्याच्या बायकोने एक थेंबही न सांडता पेलीत रस ओतला. थोरला तो प्यायला आणि खाली मान घालून निघून गेला. त्याच आठवड्यात धाकटा गेला.

दफनाच्या वेळी थोरल्याला दोघांनी धरून ठेवावे लागले, असे मी नंतर ऐकले. मग त्याने स्वतः पंचांपुढे उभे राहून सांगितले की, पेल्या बंद करा, जुना प्याला काढा, मी तिच्या हातून घेईन. सगळ्यांनी त्याची वाहवा केली. पण तोवर सरकारी गाड्या येऊन हॉलमधली माणसे दूरच्या छावणीत हलवली गेली होती. तीही शिवणयंत्र घेऊन त्यांच्याबरोबर गेली. त्यांना नेऊ नका, असे मंडळीतले कोणीही म्हणाले नव्हते.

त्या रविवारी थोरला रांगेच्या तोंडाशी उभा राहिला. शेजारची जागा त्याने तिच्यासाठी रिकामी ठेवायला लावली होती. पाळकसाहेबांनी मला त्याच्याच हाती दिले. तो माझी कड पाहत कितीतरी वेळ उभा राहिला. मला कोणाचेही ओठ लागलेले नव्हते. त्याने मागितले होते तसा मी अगदी स्वच्छ होतो.

मित्रांनो, मला रोज घासून लखलखीत ठेवलेत तरी माझे भले होत नाही, आणि कपाटात टाकलेत तरी माझे काही अडत नाही. तुमचे कोणाशी वाकडे असेल तर आज त्याच्या घरी जा. तो घरी आहे तोवर जा.