जोडीतला उजवा

मी एक जुना स्पीकर आहे. जोडीतला उजवा. उंचीने तुमच्या छातीपर्यंत येईन. अंगावर गडद तपकिरी लाकूड, पुढे काळी जाळी आणि डोक्यावर पाण्याचा एक गोल डाग. माझं वय झालं आहे, आवाजाचं झालेलं नाही. मित्रांनो, ही बढाई वाटत असेल तर कुठल्याही रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये या आणि स्वतःच्या कानांनी खात्री करून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. सुताराने एकाच फळीतून आम्हा दोघांची अंगं कापली. त्यामुळे माझ्या लाकडावरची रेघ जिथे संपते, तिथून डाव्याच्या लाकडावरची सुरू होते. पोटात कापूस भरला, खाली जाड आवाजासाठी ताटाएवढा पडदा बसवला आणि वर बारीक आवाजासाठी नाण्याएवढा. शेवटी तपासणीवाल्या बाईंनी बोटाच्या पेराने दोघांच्या पाठीवर टकटक केली. दोन्हीकडून सारखंच उत्तर आलं. त्या पॅकिंगवाल्याला म्हणाल्या, "जुळे आहेत रे हे. यांची ताटातूट करू नकोस." पॅकिंगवाल्याने ते ऐकलं. पुढे ज्यांनी ऐकायला हवं होतं, ते तिथे नव्हते.

दुकानात आम्ही मागच्या रांगेत उभे होतो. पुढे सगळे चंदेरी, चकचकीत, कमरेवर हात ठेवून उभे असल्यासारखे. एके दिवशी चष्म्याचं दुकान असलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको आली. पुढे मी त्यांना त्यांच्या मुलांसारखंच आई आणि बाबा म्हणू लागलो, म्हणून इथेही तेच म्हणतो.

"हॉल केवढा आहे?" दुकानदाराने विचारलं.

"क्रिकेट खेळता येईल एवढा," आई म्हणाली. "आणि आमची दोन पोरं खेळतातच."

दुकानदाराने चंदेरी जोडी लावली आणि आवाज इतका वाढवला की काउंटरवरचा पेला थरथरला. त्याला वाटलं, काम फत्ते. आई शांतपणे म्हणाली, "आता अगदी हळू करा."

"हळू?"

"आम्हाला गाणं ऐकायचंय. शेजाऱ्यांना ऐकवायचं नाहीये."

हळू केल्यावर चंदेरी मंडळींची हवाच गेली. मग लावलेले लहान स्पीकर गोड बोलत होते, पण आई दुकानाच्या दारापर्यंत मागे गेली तसा त्यांचा आवाज वाटेतच दमला. मग आमची पाळी आली. बाबांना दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायची सवय होती. त्यांनी आईला डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "हे बरं, की हे?" दर वेळी आईने आमच्याकडेच बोट केलं. तेव्हा माझी छाती जी फुगली, ती आजतागायत उतरलेली नाही.

घरी आणल्यावर मात्र आमची थोडी फजिती झाली. झाडायला बरं म्हणून आईने आम्हाला दोन कोपऱ्यांत सरकवलं. गाणं लावलं तर गाणारा पिंपात बसून गातोय असं वाटे. मोठ्या खोलीत कोपरा आवाजाला असा घुमवतो. मग बाबांनी आम्हाला भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. दोन माणसं तिसऱ्याशी बोलताना वळतात, तसं आम्हाला आतल्या बाजूला जरा वळवलं. फरशीवर आवाज आपटत होता, म्हणून पुढे जाड सतरंजी अंथरली. समोरच्या बोडक्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं. आम्हा दोघांत जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर समोर मधोमध आईची खुर्ची ठेवली.

तरीही आवाज पोकळच येत होता. बाबांनी धाकट्या मुलाला खुर्चीत बसवलं. "डोळे मीट. गाणारा कुठे उभा आहे ते बोटाने दाखव." धाकट्याचं बोट आधी खिडकीकडे गेलं, मग छताकडे, मग दाराकडे. थोरला माझ्या मागे जाऊन वाकला आणि ओरडला, "बाबा, इथे लाल तार काळ्या खुंटीला लावलीय!"

बाबा हसले. "बघा पोरांनो, तार उलटी असली की एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघंही घाम गाळतात आणि हाती काही लागत नाही. लाल लालला, काळी काळीला. विसराल?"

पोरं विसरली नाहीत. तारा बदलल्यावर धाकट्याचं बोट नेमकं आम्हा दोघांच्या मधे गेलं, जिथे काहीच नव्हतं, आणि तरी तिथे गाणारा उभा होता. आईने लगेच नखांचं लाल पॉलिश आणलं आणि फरशीवर तीन ठिपके दिले. एक डाव्याचा, एक माझा, एक तिच्या खुर्चीचा. "आता कोणी हलवलं तर परत जागेवर ठेवता येईल," ती म्हणाली.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझ्या ऐन उमेदीची. पाहुणे यायचे आणि गाणारा कुठे लपलाय म्हणून आमच्या मधे बघायचे. आईची सर्वांत लाडकी रेकॉर्ड होती एका जोडप्याच्या गाण्याची. त्यात बायको माझ्यातून विचारायची, 'इतका उशीर कुठे झाला?' आणि नवरा डाव्यातून एकेक थाप मारायचा. मधे ढोल असा वाजायचा की आईच्या पायातली चप्पल ठेका धरायची. ते भांडण ऐकताना घरातली खरी भांडणं मिटायची.

मग बाबा गेले. दोन्ही मुलांची लग्नं झालेली होती. चष्म्याचं दुकान कसं चालवायचं, यावरून त्यांचं वाजलं. थोरला म्हणे, बाबांनी चालवलं तसंच. धाकटा म्हणे, तसंच चालवलं तर बंद पडेल. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी दोघांमधून विस्तव जाईना. वाटणी करायला मामांना बोलावलं. मामांना न्यायाची भारी हौस. सहा खुर्च्या होत्या, तीन-तीन केल्या. रेकॉर्डी निम्म्या-निम्म्या. मग ते आमच्यापुढे आले.

"मामा, ही जोडी आहे," थोरली सून म्हणाली.

"जोडी आहे म्हणूनच तर सोपं," मामा म्हणाले. "एकाला एक."

असा हा न्याय झाला! थोरल्याकडे डावा स्पीकर आणि अँप्लिफायर गेला. धाकट्याकडे मी आणि रेकॉर्ड प्लेअर. हॉलच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. छतावरचा मोठा पंखा दोघांना हवा होता, म्हणून तेवढी ती वरून दोन हात मोकळी ठेवली. वारा दोघांचा राहिला, बोलणं कोणाचंच राहिलं नाही.

आई एक महिना इकडे आणि एक महिना तिकडे राहू लागली. धाकट्याने एक स्वस्तातला अँप्लिफायर आणून मला जोडला आणि तिची लाडकी रेकॉर्ड लावली. बायकोने विचारलं, 'इतका उशीर कुठे झाला?' आणि पुढे शांतता. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता. उत्तर देणारा भिंतीपलीकडे उभा होता, आणि तिथे रेकॉर्डच नव्हती.

"बिघडलेला माल दिला आपल्याला," धाकटा चिडून म्हणाला. भिंतीपलीकडे थोरल्याने एक साधा रेकॉर्ड प्लेअर विकत आणला होता, आणि तोही डाव्याबद्दल अगदी हेच म्हणत होता. बिघाड आमच्यात नव्हता हो! पण सांगणार कसं? मी अर्धंच बोलू शकत होतो. मला फार वाईट वाटलं. धाकट्याने मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्या डोक्यावर कुंडी आली. तो पाण्याचा डाग तेव्हाचा.

आईला घर पुन्हा एक व्हावं अशी आशा नव्हती. तिला एकच हवं होतं, दोघांनी एकमेकांशी बोलावं. तिने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, दोन दिवस जेवण सोडूनही पाहिलं. दोघांनी तिला हात जोडले, पण तोंडं उघडली नाहीत.

जावांचं मात्र उत्तम चाललं होतं. नवरे कामावर गेले की दोघी आपापल्या बाजूला स्टुलावर चढायच्या आणि भिंतीवरून भाजीची वाटी, सुईदोरा आणि घरच्या बातम्या यांची देवघेव करायच्या. एका रविवारी आईने धाकटीच्या कानात काहीतरी सांगितलं. धाकटी हसत स्टुलावर चढली. आत धाकटा दाढी करत होता. पलीकडे थोरला पेपर वाचत होता.

"ताई, ही रेकॉर्ड घ्या, आणि तुमच्या अँप्लिफायरची वायर टाका इकडे."

"घे. नीट धर. आणि आवाज करू नकोस, पेपर अजून शेवटच्या पानावर आलेला नाही."

लांब तार भिंतीवरून सरसरत खाली आली. आईने माझ्या डोक्यावरची कुंडी उचलली. "टोकं माझ्याकडे दे. मी जोडते."

"आई, लाल-काळं नीट बघा हं."

"माझा चष्मा तुझ्या सासऱ्यांनी केलेला आहे," आई म्हणाली. "मला सगळं नीट दिसतं."

थोरलीने सुई टेकवली. बायकोने माझ्यातून विचारलं, 'इतका उशीर कुठे झाला?' आणि मित्रांनो, भिंतीपलीकडून डाव्याने उत्तर दिलं! किती वर्षांनी मी त्याचा आवाज ऐकत होतो. आनंदाने माझा पडदा थरारला.

पण ढोल आला आणि फुसका निघाला. त्यात दमच नव्हता. जाड आवाजाला प्लायवूड अडवत नाही, त्यामुळे आम्ही दोघं मधल्या मधे एकमेकांचा ढोल खाऊन टाकत होतो. धाकटा तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर आला. त्याने मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली. पलीकडे पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. ढोल पुन्हा फुसकाच वाजला. आता धाकट्याला राहवेना.

"दादा!" तो भिंतीकडे तोंड करून ओरडला. "लाल तार कुठे लावलीय तिकडे?"

पलीकडून उत्तर आलं, "लाल लाललाच आहे. मी काय आज शिकतोय? तुझ्याकडचं बघ."

धाकटा माझ्या मागे वाकला. "इकडे उलटी आहे."

"मग सुलटी कर. थांब, थांब! चालू असताना हात लावू नकोस. आधी मी बंद करतो… हं, कर आता."

"केली."

"लावतो."

आणि ढोल वाजला. पोटात वाजला. आईची चप्पल ठेका धरू लागली. गाणं संपेपर्यंत भिंतीच्या दोन्ही बाजूंना कोणी जागचं हललं नाही.

"तुझा घुमतोय," थोरला पलीकडून म्हणाला. "कोपऱ्यात आहे का?"

"हो."

"मग ओढ की पुढे. आईचा ठिपका आहे ना तिथे?"

धाकट्याने फरशी पुसली. ठिपका होता. त्याने मला त्यावर आणून उभं केलं. तेव्हा आई खुर्ची उचलून हॉलच्या मधोमध गेली, आणि भिंतीला टेकवून म्हणाली, "माझा ठिपका मात्र या भिंतीखाली गेलाय रे. मी कुठे बसू?"

पुढच्या रविवारी दोघा भावांनी मिळून मधले दोन प्लाय काढले. चुली दोनच राहिल्या. दुकानावरून अजूनही खटके उडतात, पण आता ते तोंडाने उडतात. आईची खुर्ची तिच्या ठिपक्यावर आहे, आणि माझ्या लाकडाची रेघ पुन्हा डाव्याकडे बघते आहे.

त्या दिवशी तारा घाईत चुकून उलट्या लागल्या, असं घरात सगळे समजतात. थोरली त्यावरून आईला चिडवतेसुद्धा. आई म्हणते, "वय झालं गं माझं." पण माझ्या पाठीला तिची बोटं लागली होती. तिने आधी लाल तार लालला लावली होती, घट्ट पिळलीही होती. मग जरा थांबली, आणि शांतपणे सोडून काळ्याला लावली.

मित्रांनो, जोडीच्या वस्तू जोडीनेच ठेवा. आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा, कोपऱ्यात कोंबू नका, डोक्यावर कुंडी तर मुळीच ठेवू नका. आणि लाल तार लाललाच लावा. ती उलटी लावायचा अधिकार फक्त आईचा, आणि तोही एकदाच.