दुसरा ट्रे

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते आणि आमच्या शेंडेफळाचं कॉलेज अजून ठरत नव्हतं. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. दोन्हीकडे व्यवस्थापनाची तीन वर्षांची पदवी, दोन्हीकडे शेवटच्या वर्षी फायनान्स. संध्याकाळी पाचपर्यंत एकाला हो म्हणायचं होतं. एक कॉलेज घरापासून बसने वीस मिनिटांवर, माझंच जुनं. दुसरं रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर, मोठ्या नावाचं.

ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिने तक्ता केला होता. इथे संख्याशास्त्राचे चार पेपर, तिथे दोन. इथे वर्गात चाळीस मुलं, तिथे एकशेवीस. तिने दोन्ही विभागप्रमुखांना पत्र पाठवून एकच प्रश्न विचारला होता. इथल्या सरांनी दोन पानी उत्तर दिलं, तिकडून माहितीपत्रक आलं. मी विमा कंपनीत दावे तपासते, खोट काढायचाच पगार घेते. पण तिच्या तक्त्यात मला खोट सापडली नाही.

बाबा मात्र शेवटपर्यंत एकच म्हणत राहिले, नाव आहे तिथे जा. का, ते सांगत नसत. ती त्यांना नावाचं वेड लागलंय म्हणायची. ते म्हणायचे, लागू दे. तो वाद मिटायचा राहून गेला.

खरं सांगायचं तर ती इथेच राहावी असं मला वाटत होतं. आई दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असे, आणि ऑफिसातून आल्यावर त्या घरात एकटीने शिरण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. म्हणून मी तक्त्याची बाजू घेतली.

दुपारी टायपिस्ट मावशी आल्या. एका गुंतवणूक कंपनीच्या भरती विभागात त्यांचं टेबल बाबांच्या शेजारी होतं. बाबांचं सामान त्यांनी पिशवीतून आणलं होतं: चष्म्याचं घर, कंगवा, कान तुटलेला कप. आईला भेटून आल्या, मग माझ्यापाशी स्वयंपाकघरात बसल्या. कॉलेजचं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी चहा खाली ठेवला.

"तिला तुझ्या कॉलेजात नका गं घालू. तू भोगलंस तेवढं पुरे."

"मी काय भोगलं?"

मला माहीत असेल असंच त्या धरून चालल्या होत्या. मग त्यांना सांगावंच लागलं. भरतीचे अर्ज आले की बाबा लिफाफ्यावरचं कॉलेजचं नाव बघून ते दोन ट्रेमध्ये टाकत. कपाटाच्या दाराला आतून अकरा कॉलेजांची यादी चिकटवलेली होती. यादीतले अर्ज वर साहेबांकडे जात. बाकीचे दुसऱ्या ट्रेमध्ये. ते कुणी उघडत नसे. पंधरा दिवसांनी मावशी सगळ्यांना एकच पत्र टाइप करत, आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला.

माझा अर्जही त्या ट्रेमध्ये गेला होता. बाबांनीच टाकला.

"करणार काय? भांडारातून इकडे बदली झाली तेव्हा तू शेवटच्या वर्षाला होतीस. यादी दिसली ती तेव्हा. तुझा अर्ज ट्रेमध्ये टाकला त्या दिवशी डबा माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, तुम्ही संपवा, भरलेला घरी नेला तर चौकशी होईल."

ते पत्र मी बाबांसमोर बसून उघडलं होतं. स्पर्धा फार आहे गं, एवढंच ते म्हणाले. कुणीतरी माझे गुण, माझा निबंध वाचला आणि मी कमी पडले, असं मी समजले. पुन्हा तशा कंपनीत अर्ज केला नाही. ज्या परीक्षेचा पेपर कुणी हातात घेतला नव्हता, तिच्यात बारा वर्षं मी स्वतःला नापास धरून चालले होते.

अजूनही तसंच चालतं का, मी विचारलं.

"छे, आता ट्रे कुठले. कॉम्प्युटरवर यादीतून कॉलेज निवडायचं. नसेल तर 'इतर'. 'इतर'वाल्यांना पत्रसुद्धा जात नाही, तेवढं माझं टायपिंग वाचलं."

त्या गेल्या तेव्हा पावणेचार झाले होते. मी कप विसळले, पुन्हा विसळले. सांगितलं तर बाबा तिच्या नजरेतून उतरणार आणि ती जाणार. नाही सांगितलं तर दोघं जिथल्या तिथे राहणार.

मी खोलीत गेले तेव्हा ती तक्त्यावरच होती. जरा पुन्हा विचार कर, एवढंच म्हटलं मी.

"तू आता बाबांचं सुरू करू नकोस हं, ताई. तुझं नाही झालं म्हणून माझं होणार नाही असं थोडंच आहे?"

"माझा अर्ज कुणी उघडलाच नव्हता."

मग सगळं सांगितलं. फक्त डब्याचं गाळलं. ते ऐकून ती विरघळली असती, आणि हा निर्णय मला रडत रडत व्हायला नको होता.

तिने त्या कंपनीचं अर्जाचं पान उघडलं. अकराची एकोणीस कॉलेजं झाली होती. लांबचं चौथं होतं, आमचं नव्हतं. मग आणखी दोन कंपन्या पाहिल्या. तिथेही आम्ही 'इतर'मध्येच.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी? मी दोन महिने भांडत होते त्यांच्याशी."

"तुला सांगायचं तर आधी मला सांगावं लागलं असतं."

तिने तक्ता पुन्हा पुढे ओढला.

"तक्ता बरोबर आहे माझा," मग म्हणाली. "शिकवतात इथेच चांगलं."

"हो."

"तरी."

"हो. तरी."

साडेचारला तिने लांबच्या कॉलेजला होकार भरला. पोचपावती आली, ती तिने उघडलीही नाही.

"तुला राग नाही आला त्यांचा?"

सहा आठवडे घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी बाबांच्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगत होते, आणि त्या खऱ्याच होत्या.

"आलाय," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग आईला सांगायला दोघी उठलो. आधी कोण बोलणार, ते ठरलं नव्हतं.