सत्तावीस नंबरचं पोतं

माळावरच्या बाये, तुला आवतान आलं,
कुनाच्या लेकराचं डोलं पिवलं झालं.
उद्या येते न्यायला, रुसू नको बाये,
एक डाल माजी, बाकी रान तुजं हाय.

आईचा हा आवाज लाडकीच्या कानात बसला तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. उन्हं कलली की नवसी ओंजळीत चिमूटभर तांदूळ घेऊन डोंगराच्या कुशीत जायची. वीतभर उंचीच्या एका झाडापुढे उकिडवी बसायची, तांदूळ ठेवायची आणि लग्नाचं देतात तसं त्याला आवतण द्यायची. आज सांगायचं, उद्या न्यायचं. न सांगता उपटलं तर झाड हातात येतं, गुण मात्र मातीतच राहतो, असं ती म्हणे.

झाडाचं नाव मात्र तोंडातून काढायचं नाही. नाव बाहेर पडलं की गुणही त्याच्यामागून निघून जातो. पोटच्या पोरीलाही नवसीनं ते सांगितलं नव्हतं. तिनं लाडकीला डोळे मिटायला लावले आणि बोटांना ओळख करून दिली. पानांच्या खाली ओळीनं बारीक मणी. मग डोळे उघडून बघायचं, काडी सरळ आणि हिरवी. त्याचीच एक सावत्र बहीण रानात शेजारीच उगवते. तेच पान, तेच मणी, पण काडीवर लाली. तिला हात लावायचा नाही, ती नुसती नटवी, असं नवसी बजावायची आणि मुरकून दाखवायची. मग मायलेकी हसत सुटायच्या.

नवसीचं औषध काविळीवर होतं. मनोरपासून मुरब्यापर्यंतची माणसं बोईसरच्या पूर्वेला डोंगरापायथ्याच्या त्यांच्या पाड्यावर यायची, पिवळे डोळे घेऊन. सात सकाळी अनशापोटी ताकातून औषध घ्यायची. बरी झाली की एक नारळ आणून ठेवायची.

लाडकी मोठी झाली, लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला. ती तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत लागली. तिथे झाडपाल्याच्या गोळ्या बनत. जंगलातून आलेल्या पोत्यांतला पाला, मुळं, साली निवडायचं खातं होतं, त्यात आठ बाया. इथे कुठल्याच झाडाला नाव नव्हतं. पोत्यावर नंबर असायचा. आईचं झाड इथे सत्तावीस नंबर. पहिल्या दिवशी त्या पोत्यात हात घातला तेव्हा लाडकीला गर्दीत माहेरचं माणूस भेटावं तसं झालं होतं.

मागोमाग धाकटा भाऊ जिवल्याही आला, शेजारच्या केमिकलच्या कारखान्यात पिंपं धुवायच्या कामाला. दोघांनी सालवडला एक खोली घेतली. जिवल्या एकोणीस वर्षांचा, तोंडानं फाटका. बहीण कामावरून आली की दारातच हात जोडायचा. आल्या, मास्तरीणबाय आल्या, आज किती पाल्यापाचोळ्याला नापास केलंत? मी बसू का परीक्षेला? लाडकी त्याच्या डोक्यात टपली मारायची. त्याच्या केसांना कायम पिंपांचा उग्र वास यायचा. नारळाचं तेल चोपडलं तरी तो जात नसे.

कंपनीच्या प्रयोगशाळेत नागोराव नावाचे एक केमिस्ट होते, परभणीकडचे. सूक्ष्मदर्शकाखाली पाल्याचा भुगा बघत बसायचे. त्यांचं एकच रडगाणं होतं. सत्तावीस नंबरच्या एका पोत्यात औषध असतं आणि दुसऱ्यात गवत, मग गोळी गुणकारी कशी व्हायची? खरं झाड कुठलं हे एकदा पक्कं झालं, त्याची खूण कागदावर आली, की पुढं कुणाची फसवणूक होणार नाही. आणि हे झाड खरं ओळखणारं माणूस कुठं भेटेल, असं ते ज्याला त्याला विचारायचे. लाडकीनं सांगितलं, माज्या आयेला वलखतं.

एका रविवारी ती त्यांना पाड्यावर घेऊन गेली. नवसीनं भाकरी वाढली, डोंगर दाखवला, नाव सांगितलं नाही. ते पुन्हा गेले. पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला नागोरावांनी वहीच काढली नाही. ओटीवर बसून राहिले आणि खाली बघत म्हणाले, "मावशी, माझी माय काविळीनंच गेली. झाडपाल्याचं औषध चालू होतं तिला. आता वाटतं, ते भलतंच काहीतरी होतं. ज्यानं दिलं त्यालाबी ठाऊक नसेल."

नवसीनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मग उठली, त्यांच्या कानाशी वाकली आणि नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी आवतण देऊन झाडही काढून दिलं. लाडकी त्या दिवशी हवेत होती. आपली आई, अंगठा उठवणारी, आणि साहेब तिच्यापुढे मान लववून बसलेले.

भादवा संपता संपता जिवल्याला ताप आला. आधी त्यानं हसण्यावारी नेलं. चार दिवसांनी त्याच्या डोळ्यांत हळद उतरली. लाडकी त्याला घेऊन घरी आली. नवसीच्या डोळ्यांवर एव्हाना मोतीबिंदूची साय धरली होती, गुडघेही गेले होते. डोंगर चढणं तिच्यानं होईना. तिनं लाडकीला जवळ बसवून सांगितलं, आज सांजेला जा, आवतान दे, उद्या उजाडता घेऊन ये. घाई करू नको, ते घाईचं नाय.

लाडकीचा पाय घरात ठरत नव्हता. महिन्यापूर्वीच तिला निवडायच्या खात्याची मुकादम केलं होतं. परदेशी जाणारा माल भरायचा होता. गोदामाचे साहेब कमलाकांत रोज बजावत होते की या आठवड्यात सुट्टी नाही. डोंगरावर गेलं तर दोन दिवस मोडणार. आणि तिच्या मनात आलं, सत्तावीस नंबरची पोती तर माझ्या हाताखालून जातात. हीच बोटं, हेच झाड. दोन दिवस कशाला घालवायचे?

तशी शंका होती. या खेपेचा पाला पोत्यात ओला भरलेला, सगळा एकाच तांबूस रंगावर गेलेला. हिरवी काडी कुठली, लाल कुठली, डोळ्यांना कळेना. तिनं कमलाकांतांना तसं सांगितलंही होतं. ते म्हणाले, बाई, हे गोदाम आहे, तुझ्या आईचं रान नाही, पाला तो पाला. मग तिनंच त्या खेपेच्या चिठ्ठीवर पसंतीचा अंगठा उठवला.

त्याच पोत्यातून तिनं डोळे मिटून, बोटांनी चाचपून, दोन मुठी निवडून घेतल्या. घरी येऊन भिजवल्या, पाट्यावर आपणच वाटल्या. नवसीनं भिंतीला धरून विचारलं, "आवतान दिलंस?"

"दिलं," लाडकी म्हणाली.

सात सकाळी नवसीनं आपल्या हातानं लेकाला ताक पाजलं. जिवल्या पहिल्या दिवशी तोंड वाकडं करून म्हणाला, "ह्यापेक्षा पिंपातलं बरं." पाचव्या दिवशी त्याला बहिणीचं नाव आठवेना. आठव्या दिवशी बैलगाडीतून, मग टेम्पोतून त्याला पालघरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हातात होतं ते सगळं केलं. नवव्या दिवशी दुपारी तो गेला.

दिवस उरकले. पाहुणे पांगले. नवसीनं औषधाचा पाटा कवटाळून बाहेर नेला आणि बांधावर पालथा घातला. मग तिथेच बसून म्हणाली, "मी नाव सांगितलं. माज्या तोंडानं मी माजा पोर खाल्ला."

लाडकी दारात उभी होती. तोंड उघडायला तेवढाच क्षण होता आणि तिनं तो जाऊ दिला. आज नको, आज आये कोसळेल, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. न बोललेली गोष्ट रोज थोडी जड होत गेली, पावसात ठेवलेल्या पोत्यासारखी, आणि मग उचलेचना.

भिजवलेल्यातला चिमूटभर पाला तिच्या पदराच्या गाठीत राहून वाळला होता. महिन्यानं तिनं तो नागोरावांपुढे ठेवला. कुणासाठी घेतला होता ते सांगितलं नाही. त्यांनी काचेच्या पट्टीवर दोन थेंब शेजारी शेजारी ठेवले, एक नवसीनं दिलेल्या झाडाच्या अर्काचा आणि एक या पाल्याचा. पट्टी कसल्याशा पाण्यात उभी केली. हळूहळू दोन्ही थेंब ठिपक्याठिपक्यांनी वर चढले. एका रांगेत मधोमध गडद ठिपका उमटला, कुंकवाएवढा. दुसऱ्या रांगेत ती जागा कोरीच राहिली.

"हे आपलं नव्हे, लाडकीबाई," नागोराव म्हणाले. "कुठलं?"

"पोत्यातलं."

त्यांनी ताडकन उठून कमलाकांतांकडे धाव घेतली. पण ती खेप केव्हाच गोळ्या होऊन डब्यांत भरून गेली होती. नागोराव परत आले तेव्हा लाडकी तशीच पट्टीकडे बघत होती. तिनं विचारलं, खरं झाड दिलं असतं तर माणूस वाचलं असतं का?

नागोरावांनी चष्मा काढला. "ते सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. कावीळ काविळीत फरक असतो. औषध खोटं होतं, एवढंच सांगता येतं."

तिला वाटलं होतं, हो किंवा नाही यांपैकी काहीतरी एक मिळेल. होय म्हणाले असते तर ऊर बडवून मोकळी झाली असती. नाही म्हणाले असते तर देवाला बोल लावला असता. आता दोन्ही वाटा बंद झाल्या. पुढच्या साली नागोराव ती नोकरी सोडून परभणीला गेले. जाताना पाड्यावर येऊन नवसीच्या पाया पडले. नवसीनं त्यांना पाणी दिलं. वाईट शब्द काढला नाही, पण चांगलाही नाही.

तीन वर्षं गेली. पिवळ्या डोळ्यांची माणसं येत राहिली. नवसी ओटीवरून हात हलवायची, माजा हात मेला, दुसरीकडं जा. माणसं उन्हात थोडा वेळ थांबायची आणि परत फिरायची. लाडकी घरी असली की आत चुलीपाशी फुंकर घालत बसायची. धूर नसला तरी.

आश्विनातल्या एका रविवारी, दुपार उतरता उतरता, मुरब्याची येसूबाई आली. मासळी विकणारी बाई, आवाज खणखणीत. तिच्या नवऱ्याला पंधरा वर्षांपूर्वी नवसीनंच बरं केलं होतं. आज तिच्या खांद्यावर रेलून तिची लेक आली होती. पोरीचे डोळे झेंडूसारखे झाले होते. पालघरच्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. त्यांनी पडून राहायला आणि पथ्याला सांगितलं होतं, आठवड्यानं परत बोलावलं होतं.

नवसीनं नेहमीचं सांगितलं, हात मेला म्हणून.

येसूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगो, हात मेला त जेवतंस कशानं?"

नवसीला हसू आलं नाही. तिनं येसूबाईला शेजारी बसवलं आणि लेकाची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. साहेब कसा आला, आईसाठी कसा हळहळला, तिनं नाव कसं सांगितलं, झाड कसं रुसलं. तीन वर्षांत तिनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की तिला आता चाल लागली होती, रडगाण्यासारखी. शेवटी ती म्हणाली, माझ्या हातचं आता विष होईल, तुझ्या पोरीला नको.

येसूबाईनं पदरानं डोळे पुसले. लेकीला उठवलं. नाइलाजानं म्हणाली की मग बोईसरच्या बाजारातून त्या डब्यातल्या गोळ्याच न्यायच्या, काविळीच्या, तिथल्या कंपनीतल्याच आहेत म्हणतात, लोक घेतात. नवसीनं मान हलवली, जा, म्हणाली, कंपनीचं शिकलेल्या माणसांचं असतं, माझ्यापेक्षा बरंच असेल.

आत चुलीपाशी बसलेल्या लाडकीनं हे ऐकलं. त्या महिन्यातही तिनं सत्तावीस नंबरच्या चार चिठ्ठ्यांवर अंगठा उठवला होता. त्या चारांत काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं. नागोराव गेल्यापासून काचेच्या पट्ट्या कुणी पाण्यात उभ्या करत नव्हतं.

ती बाहेर आली. येसूबाई अंगणाच्या कुडापर्यंत पोचली होती. लाडकीनं तिला हाक मारून थांबायला सांगितलं. मग ती आईच्या पायाशी बसली. नवसीनं सवयीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात लाडकीनं काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला, कारण तो डोक्यावर असताना बोलता आलं नसतं.

"आये, नाव सांगितलंस म्हनून जिवल्या गेला नाय. मी डोंगरावर गेलेच नवते. आवतान दिलं नवतं. तुला वाटून दिलं ते कंपनीच्या पोत्यातलं होतं, भलतंच. सायबानं काचेवर करून दाखवलं मला. तू खोटं पाजलंस, पन ते खोटं मी आनलं होतं. ह्या पोरीला त्या गोल्या घेऊ नको देऊस. सांज व्हायला येल हाय अजून, मी डोंगरावर जाते, तू सांगशील तसं करते. मग मला घरात घे नायतर नको घेऊ, तुजं तू बघ. तीन वरसं तू सवताला खात होतीस, आन मी भाकरी थापत बसले, आये. बोलले नाय."